टांगा घोड्याला ढकलतोय

ताई,
मी मूळची कराडची. पुण्यात थ्रीडी ॲनिमेशनच्या कोर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हमाल जमिनीवरचं पोतं उचलून खांद्यावर घेतो, असा चार सेकंदांचा शॉट दोन महिने करतेय. आमच्याकडे मुंबईच्या एका स्टुडिओतले लीड ॲनिमेटर पाहुणे म्हणून आले होते. त्यांनी शॉट दोनदा पाहिला आणि म्हणाले, "वजन नाहीये, फ्लोटी आहे," म्हणजे तरंगल्यासारखं. मी सगळं हळू केलं. मग ओळखीतल्या एका दादाला पाठवला, तो गेम कंपनीत आहे. तो म्हणाला, "फार स्लो झालंय, स्नॅपी कर." मी फास्ट केलं. आमच्या सरांनी पाहिलं तर म्हणाले, "हातांचे आर्क्स तुटलेत," म्हणजे हात ज्या वळणानं फिरतात ती वळणं. ते नीट करायला गेले तर गुडघे पॉप व्हायला, म्हणजे मध्येच झटका खायला लागले. आता शॉट पहिल्यापेक्षाही वाईट दिसतोय. वर्गातल्या एका मुलाचे शॉट्स इन्स्टाग्रामवर गाजतायत. बाबांनी कर्ज काढून फी भरलीय. ते दर रविवारी फोनवर विचारतात, "किती आलं गं?" मला सांगता येत नाही. इंडस्ट्रीतल्या लोकांना विचारावं की नाही? विचारलं तर ऐकायचं कुणाचं? आणि आपण पुढे जातोय हे ओळखायचं कसं? चारही व्हर्जन्स आणि रेफरन्सचं फोल्डर लिंकवर ठेवलंय. परदेशी ऑनलाइन मेंटरशिप घेऊ का?
— पोतं न उचलणारी, पुणे

तुझ्या सहीला आधी हसले. मग लिंक उघडली आणि चारही व्हर्जन्स एकेक फ्रेम पुढे-मागे करत पाहिली. चहा गार झाला, पण उत्तर सापडलं. तुला वाटतंय तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या. मला वाटतं तिघांचं बोट एकाच भोकावर आहे.

तुझं पहिलं व्हर्जन घेऊ. शॉट ९६ फ्रेम्सचा. तिसाव्या फ्रेमला हमालाचे हात पोत्याला लागतात आणि एकतिसाव्या फ्रेमला पोतं जमीन सोडतं. एका फ्रेमचा वेळ म्हणजे सेकंदाचा चोविसावा भाग. तेवढ्यात माणसाला वर्तमानपत्रही उचलता येत नाही. पुढे पोतं जमिनीपासून खांद्यापर्यंत एकाच वेगानं चढतं, लिफ्टमध्ये ठेवल्यासारखं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आधी हात वर येतात आणि कंबर मागून सावकाश सरळ होते. म्हणजे पोतं माणसाला उभं करतंय.

हे पाहून मला माझा एक जुना शॉट आठवला. नव्वदच्या दशकात मी एका स्टुडिओत लागले तेव्हा काम कागदावरच व्हायचं. खालून उजेड देणारा लाईटबॉक्स, कागद अडकवायचा पेगबार, पंच केलेले कागद. आमचे लीड बोटांच्या बेचक्यांत पाच कागद धरून फ्लिप करायचे आणि नुसत्या फडफडाटावरून सांगायचे, काय चुकलंय. मी एक टांगा सुरू होतानाचा शॉट दिला होता. त्यांनी फ्लिप केला, गठ्ठा परत टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "टांगा घोड्याला ढकलतोय." बस्स. पुढच्याच्या टेबलाशी गेले. संध्याकाळपर्यंत मला तो टोमणा वाटत होता. तेव्हा गेटवेजवळ व्हिक्टोरिया घोडागाड्या उभ्या असायच्या. सुटीच्या दिवशी जाऊन तासभर पाहत बसले. घोडा आधी मान खाली घालतो, अंग पुढे झोकतो, मागचे पाय रोवतो. मग साज ताणला जातो. चाक अजून जागच्या जागीच. मग सगळं एकदम करकरतं आणि चाक फिरतं. माझ्या ड्रॉइंगमध्ये खुराआधी चाक हललं होतं. एवढंच. लीडनी मला इतिहासातली सगळ्यात नेमकी करेक्शन दिली होती आणि मी आठवडाभर त्यांच्याशी नीट बोलत नव्हते.

तुझ्या शॉटलाही तोच प्रश्न विचार. आधी काय हलतं?

आता तिघांकडे ये. पाहुण्या लीडना वजन दिसलं नाही, कारण पोतं उचलण्याआधी अंगानं काहीच तयारी केली नाही. वजन पोत्यात नसतं गं, रिगमधलं, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या कळसूत्री सांगाड्यातलं, पोतं तर पोकळ असतं. बघणाऱ्याला वजन कळतं ते माणसाचं अंग काय करतं त्यावरून. तू "वजन नाही" ऐकलंस आणि सगळ्या कीज, म्हणजे पोजेसच्या वेळेच्या खुणा, लांब सरकवल्यास. म्हणजे आधी जे सरसकट एका वेगानं होत होतं, ते आता सरसकट एका कमी वेगानं व्हायला लागलं. त्या दादाला तेच खुपलं. तो म्हणाला "स्लो". जड काम पूर्णवेळ हळू नसतं. ताण घेताना वेळ लागतो, वस्तू हलतच नाही, आणि एकदा सुटली की पुढचं झपकन होतं, कारण मध्ये रेंगाळणं परवडत नाही. तू मग सगळंच फास्ट केलंस. आणि सरांना आर्क्स तुटलेले दिसले, कारण तू हात अंगाशी न जोडता जागेत खिळवून ठेवलेस आणि नंतर कंबर त्यांच्यामागे ओढलीस. कंबर पुढे आणि हात तिच्यामागे असं असतं तर हातांचा अर्धा आर्क आपोआप मिळाला असता. गुडघ्यांचंही तेच: कंबर जरुरीपेक्षा वर गेली, आयकेचा, म्हणजे पाऊल जागी ठेवून गुडघा आपोआप वाकवणारा, पाय पुरा ताणला गेला, की गुडघा टचकन पॉप होतो. तुझ्या गुडघ्यांना काही झालेलं नाही, कंबर खाली घे.

तेव्हा ती फाईल बंद कर. मनापासून सांगते, ती आता सुधारणार नाही. प्रत्येक कंट्रोलवर तीन माणसांच्या सल्ल्यांच्या कीज बसल्यात आणि ग्राफ एडिटर, म्हणजे हालचालींच्या रेषांचा आलेख, शेवयांसारखा दिसतोय. नवी फाईल घे, स्टेप्डमध्ये, म्हणजे एका पोजवरून थेट दुसरीवर उडी मारणारी, आणि फक्त पोजेस टाक. पोत्याकडे बघून अंदाज घेणं. पाय रुंद करून कंबर खाली. पकड. मग ताण: हात सरळ, खांदे खाली ओढलेले, मान ताठ, पोतं अजून जमिनीवरच. ही पोज दहा-बारा फ्रेम्स धरून ठेव, पण मेलेली नको. कंबर अगदी थोडी आणखी खाली रुतू दे. मग पोतं सुटतं. एकटाच आहे तर ते थेट खांद्यावर जाणार नाही, आधी मांडीचा टेकू लागेल. मग तिथून हिसडा, खांदा, आणि तोल सावरायला एक पाऊल मागे. सात-आठ पोजेस झाल्या, यालाच ब्लॉकिंग म्हणतात. त्या नुसत्या टकटक बदलत असतानाच पोतं जड वाटलं पाहिजे. तिथे वाटलं नाही तर स्प्लाइन करून, म्हणजे पोजेसमधली हालचाल सलग करून, वाटणार नाही. स्प्लाइन हा काही मसाला नाही.

आणि हे करण्याआधी एक दिवस पहाटे उठून गुलटेकडीला मार्केट यार्डात जा. पुण्यात राहून हमालाचा शॉट करतेस आणि रेफरन्स यूट्यूबवरच्या जिममधला, हे मला तुझ्या फोल्डरमध्ये दिसलंय! जिममधला माणूस वजन दाखवायला उचलतो. हमालाला दिवसभरात तशी शेकडो उचलायचीत, त्यामुळे तो ताकद वाया घालवत नाही. यार्डात तुला दिसेल की एकट्यानं पोतं जमिनीवरून खांद्यावर घेणारा क्वचितच असतो. "हात लाव रे" म्हणून दुसऱ्याला बोलावतो. दोघं उचलून तिसऱ्याच्या पाठीवर टाकतात. तो वाकून, गुडघे सैल सोडून उभा असतो. पोतं पडतं तेव्हा गुडघे जरा दबतात आणि लगेच तो चालू लागतो. पावलं लहान आणि भरभर, कारण लांब टांग टाकली की एका पायावर जास्त वेळ उभं राहावं लागतं. डोकं वरखाली होत नाही. तुमच्या चालण्याच्या, म्हणजे वॉक सायकलच्या, धड्यात बारा फ्रेम्सना एक पाऊल शिकवतात ना? मोजून बघ, इथे किती भरतात. मोबाईलवर शूट करायचं तर आधी विचार, कुणाच्या कामात आडवी जाऊ नकोस. आणि परत येताना हमाल पंचायतीच्या 'कष्टाची भाकर' केंद्रावर खाऊन घे. माझ्या वतीनं.

ऐकायचं कुणाचं, हा तुझा प्रश्न. पाहुणा जेवताना "भाजीला चव नाही" म्हणतो तेव्हा तो खरं बोलतो. "थोडा गूळ घाल" म्हणतो तेव्हा तो त्याच्या घरची भाजी सांगतो. प्रोफेशनल माणसाच्या नोटमध्ये हे दोन्ही मिसळलेलं असतं. तो दादा गेममध्ये आहे. तिथे खेळणाऱ्यानं बटण दाबलं की पात्रानं ताबडतोब हाललं पाहिजे, नाहीतर खेळणारा वैतागतो. म्हणून हालचालीआधीची तयारी ते छाटून छाटून दोन-चार फ्रेम्सवर आणतात. त्याचा "स्नॅपी कर" हा सल्ला त्याच्या चुलीवरचा आहे. पण त्याला कंटाळा आला, ही तक्रार शंभर टक्के खरी आहे. तक्रार वहीत लिही, उपाय तुझा तू शोध. आणि दोघांच्या तक्रारी वेगळ्या वाटल्या तर दोघांनी कुठल्या फ्रेमला तोंड वाकडं केलं ते बघ. बहुतेक वेळा फ्रेम तीच निघते.

कुणी फटकन बोललं तर मनाला लावून घेऊ नकोस, असं मी म्हणणार नाही, लागतं ते. ही तर या धंद्याची जुनी रीतच आहे. तीसच्या दशकात डिस्नेच्या हायपीरियन ॲव्हेन्यूवरच्या स्टुडिओत पेन्सिल टेस्ट, म्हणजे कच्च्या ड्रॉइंग्जची चाचणी फिल्म, एका कोंदट खोलीत दाखवत. तिला नाव पडलं होतं स्वेटबॉक्स. घाम उकाड्याचा किती आणि वॉल्ट डिस्नेसमोर बसण्याचा किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं. आजच्या स्टुडिओत एसी असतो, खोलीला डेलीज म्हणतात, आणि रोज सकाळी अर्धामुर्धा शॉट सगळ्यांसमोर लावतात. तू अजून विद्यार्थी आहेस म्हणून तुला पूर्ण करून दाखवायची सवय आहे. ती मोड. तुझा शॉट बिघडला त्याचं अर्धं कारण तू पूर्ण करून मगच दाखवलास हे आहे. दोन दिवसांनी पोजेस दाखवल्या असत्यास, तर पाहुण्या लीडनी तिथल्या तिथे "कंबर खाली" म्हटलं असतं आणि तुझा फक्त अर्धा तास गेला असता.

लोकांना विचारावं की नाही? विचार. या कलेत दुसरा मार्ग कधी नव्हताच. आपल्याकडचंच बघ. १९५६ साली मुंबईत सरकारी फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून युनिटमध्ये नव्या कलाकारांना शिकवायला डिस्नेमध्ये काम केलेले क्लेअर वीक्स आले. रसायनशास्त्र शिकलेले एक तरुण, राम मोहन, त्याच वर्षी तिथे रुजू झाले. वीक्सच्या हाताखाली जातककथेवर एक छोटी फिल्म झाली, १९५७ साली. पुढे वीक्स परत गेले. राहिली ती मुंबईतली माणसं आणि त्यांचे लाईटबॉक्स. पुढची कित्येक दशकं राम मोहन काम करत राहिले, त्यांच्या हाताखाली कितीतरी तयार झाले, २०१४ साली पद्मश्री मिळाली. मला यातला वीक्स निघून गेल्यानंतरचा पहिला महिना नेहमी आठवतो. मी अर्थातच तिथे नव्हते, पण कल्पना करते. पेन्सिल टेस्ट पडद्यावर चालू आहे, आणि "हे चुकलं" म्हणणारा माणूस खोलीत नाही. तेव्हा ते कुणीतरी स्वतःच म्हणायला शिकलं असणार. तुला पाहुण्या लीडकडून नेमकं तेच हवंय, त्याचे डोळे. त्याची नोट हे त्याचं एक निमित्त.

आणि वयाचा, पदाचा संकोच ठेवू नकोस. ॲनिमेटर रिचर्ड विल्यम्सचा लंडनला स्वतःचा स्टुडिओ होता, नाव होतं, बक्षिसं होती. तरी त्यानं वॉर्नर ब्रदर्समध्ये वर्षानुवर्षं ॲनिमेटर असलेल्या केन हॅरिसला बोलावून आपल्याच स्टुडिओत कामाला ठेवलं आणि मालक असून त्याच्याकडून शिकत बसला.

पण विचारायची रीत असते. मला आठवड्याला कितीतरी मेसेज येतात: "मॅम, माझं वर्क बघा, प्लीज गाईड." सोबत तीन मिनिटांची रील. रात्री साडेनऊला डेडलाइनमधून सुटलेला माणूस त्यावर "नाइस, कीप इट अप" लिहितो आणि झोपतो. त्यापेक्षा असं लिही: "नमस्कार. मी दुसऱ्या वर्षाला आहे. चार सेकंदांचं ब्लॉकिंग पाठवतेय. पोतं सुटण्याच्या क्षणी कंबर पुरेशी खाली गेलीय का, एवढंच पाहाल का?" एक शॉट, एक प्रश्न, लॉगिन न लागणारी लिंक. रिग ज्याचा असेल त्याचं नाव खाली. उत्तर नाही आलं तर दहा दिवसांनी एकदा आठवण, मग सोडून दे. त्यांचं प्रोजेक्ट डिलिव्हरीवर असेल. उत्तर आलं तर, आणि हे फार थोडी मुलं करतात, बदल करून तोच शॉट परत पाठव: "तुम्ही म्हणालात तसं कंबर सहा फ्रेम आधी घेतली, आता असं दिसतंय." अशा मुलांची नावं लक्षात राहतात. माझ्या टीममध्ये मी घेतलेली दोन मुलं अशीच आली. नोकरी मात्र त्या मेसेजमध्ये मागू नकोस. आणि कुणाकडे त्यांच्या चालू प्रोजेक्टचा रिग किंवा शॉट मागू नकोस, तो माणूस एनडीएनं, म्हणजे गुप्ततेच्या करारानं, बांधलेला असतो आणि तुला नाही म्हणताना त्यालाच लाज वाटते.

मुंबईत जमलं तर टासीच्या, म्हणजे दी ॲनिमेशन सोसायटी ऑफ इंडियाच्या, कार्यक्रमांना जात जा. तिथे माणसं निवांत असतात. परदेशी ऑनलाइन मेंटरशिपचं तू पत्रात शेवटी ओझरतं विचारलंयस. ती पद्धत चांगली आहे. ॲनिमेशन मेंटर ही शाळा तर २००५ साली मोठ्या स्टुडिओंतल्या तीन ॲनिमेटर्सनीच सुरू केली, आणि दर आठवड्याला काम करणारा ॲनिमेटर तुझ्या शॉटवर बोलतो. पण फी डॉलरमध्ये असते. बाबांच्या डोक्यावर एक कर्ज असताना आत्ता नको. आधी फुकटात मिळणाऱ्या नोट्स पचवायला शीक.

तो इन्स्टाग्रामवाला मुलगा. त्याचं काम मी पाहिलेलं नाही, त्यामुळे बोलत नाही. एवढंच विचारते, त्याच्या शॉटखाली लाईक्स किती ते तुला पाठ आहे, त्याच्या हमालाची कंबर कधी हलते ते पाहिलंस का?

राहिले बाबा आणि त्यांचा रविवारचा फोन. एक दोनशे पानी वही आण. प्रत्येक नोट, जशीच्या तशी, तारीख घालून, कोण म्हणालं ते लिही. समोरच्या पानावर तुला नंतर काय सापडलं ते. माझ्या अशा वह्या अजून माळ्यावर आहेत. पहिल्या वहीत पानोपानी वजन, तोल, "पाय घसरतोय". दुसरीत पाय घसरणं गेलंय आणि "दोन्ही हात एकसारखे हलतायत", "बोटं मेलेली" असलं सुरू झालंय. तिसरीत एका लीडनी लिहायला लावलंय, "हा माणूस दाराशी थांबला का?" ते वाचून मी तेव्हा रडले होते, कारण मला उत्तर माहीत नव्हतं. आज बघते तर वाटतं, अरे, पायांबद्दल कुणी काहीच बोललेलं नाही! नोट्स थांबत नाहीत, अजूनही येतात. फक्त त्या पायांवरून चेहऱ्यावर आणि चेहऱ्यावरून मनात सरकतात. आणि मधे कधीतरी असा दिवस येतो की लीडनी तोंड उघडायच्या आत तू म्हणतेस, "हो, तिथे चाक आधी हललंय, करते." ती तारीखही वहीत लिही.

बाबांना ही भाषा कळणार नाही असं समजू नकोस. कराडला त्यांनी पोती उचलली नसतील, पण उचलताना पाहिली असतीलच. रविवारी त्यांना व्हिडिओ कॉलवर पहिलं व्हर्जन दाखव आणि ते नवीन ब्लॉकिंग दाखव, आणि विचार, बाबा, कुठलं पोतं भरलेलं वाटतं? त्यांना आर्क्स ठाऊक नाहीत, हीच त्यांची लायकी आहे परीक्षक व्हायची. "किती आलं" याचं उत्तर त्यांचं त्यांनाच मिळेल.

नवं ब्लॉकिंग मला पंधरा दिवसांत पाठव. स्टेप्डच पाठव, स्प्लाइन केलंस तर उघडणार नाही. आणि एक गोष्ट तुझ्या पत्रात कुठेच नाही, चारही व्हर्जन्समध्येही नाही, ती सोबत लिहून पाठव: त्या पोत्यात आहे काय? कांदा, साखर, की कापूस?